तेलाच्या पिशवीवरची तारीख : सोसायटीच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ मार्च २०२५, मंगळवार

मीटिंग होती टाकी सफाईच्या कोटेशनची. टेबलावर वडापावचा पुडा, बाजूला तळलेल्या मिरच्या, आणि ए-७०१ च्या ताईंनी (शाळेत शिकवतात, त्यामुळे सगळे दिवस त्यांना पाठ) पुड्याकडे बघत विचारलं, आज कोणता दिवस आहे माहितीये का कुणाला. जागतिक लठ्ठपणा दिन. सगळे हसले, मग एकेकाने आपापला वडापाव संपवला, मग आपण सोसायटीत काहीतरी केलं पाहिजे असं ठरलं, आणि काहीतरी म्हणजे काय हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं कारण मी खजिनदार आहे आणि माझ्याकडे वही असते. धनकवडीत तीन विंगा, सात मजले, ४२ फ्लॅट. आपलंच नशीब.

एक गोष्ट मी तिथेच सांगून टाकली. वजन घटवायची स्पर्धा नको. कोविडच्या आधी एकदा झालीये, पहिला नंबर आलेल्या माणसाने शेवटचे दोन दिवस फक्त काकडी खाल्ली होती आणि दिवाळीपर्यंत सगळं वजन व्याजासकट परत आलं. शिवाय नोटीस बोर्डावर स्वतःचं वजन लागलेलं कुठल्या बाईला आवडेल?

मग काय मोजायचं? जानेवारीत डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनाला पंतप्रधान म्हणाले होते की घरातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर निदान सहा जणांनी टाकला होता. पण दहा टक्के कशाचे? महिन्याला घरात किती तेल येतं हे मी तिथे बसलेल्या अकरा जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही, मलाही नाही. म्हणलं हेच करू. नवीन पिशवी फोडली की मार्करने तिच्यावर तारीख टाकायची आणि महिनाअखेरीला मला कळवायचं. आणि दुसरं, टेपने पोट मोजायचं. वजनकाटा वापरायचाच नाही.

९ मार्च, रविवार

टेप तुळशीबागेतून आणला, शिंप्याचा असतो तो पिवळा, वीस रुपये (खर्च वहीत टाकलाय, मागाहून बोंब नको). पार्किंगमध्ये सकाळी साडेनऊला मोजणी. बायकांची मोजणी ए-७०१ च्या ताईंनी क्लब हाऊसमध्ये घेतली.

टेप कुठे धरायचा यावरच पंधरा मिनिटं गेली. ज्याची त्याची कंबर वेगळ्या ठिकाणी असते असं दिसतंय. नीट पद्धत अशी आहे की सगळ्यात खालची बरगडी चाचपायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, त्या दोन्हींच्या मधोमध टेप आडवा धरायचा, आवळायचा नाही, आणि श्वास सहज बाहेर सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढून फोटो काढल्यासारखं उभं राहायचं नाही. हे शेवटचं प्रत्येकाला सांगावं लागलं.

बी-३०२ चे काका म्हणाले माझी पँट ३४ ची आहे, मोजायची गरजच काय. मोजलं तर ३९ इंच. पँटचा नंबर हा पोटाखालचा नंबर असतो, पँट बिचारी जिथे जागा मिळेल तिथे बसते. काका दोन मिनिटं गप्प झाले आणि मग म्हणाले टेप चायनाचा आहे.

भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. दुसरा सोपा हिशोब म्हणजे पोट उंचीच्या निम्म्याच्या आत हवं. एकूण ३१ मोठी माणसं आली, त्यातली १९ रेघेच्या पलीकडे. मी स्वतः ९४. उंची १७१, वजन ६६, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २२.६, ऑफिसच्या मेडिकलमध्ये दर वर्षी 'नॉर्मल' असा शिक्का. हातपाय काडीसारखे आणि मधे हे.

१२ मार्च, बुधवार

माझा आकडा बघून बायको म्हणाली, अरे तू तर बारीक आहेस. हे सगळेच म्हणतात. आणि याचं उत्तर चक्क पुण्यातच सापडतं, रास्ता पेठेत, केईएम हॉस्पिटलमध्ये.

तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखेच, आत दुपटीहून जास्त फरक. आपली ही जी ठेवण आहे, हातापायात मांस कमी आणि चरबी पोटात, ती जन्मापासूनच दिसते असं त्यांच्याच कामातून पुढे आलं. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालू आहे, तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा जवळपास पाऊण किलोने हलकी, पण चरबीत त्या मानाने कमी पडत नाहीत. जे कमी पडतं ते मांस.

म्हणूनच आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, बाहेर हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आणि २३ च्या आत असलेला माझ्यासारखा माणूसही सुटत नाही. ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर पहिला रिप्लाय आला, म्हणजे आपल्या नशिबातच आहे तर वडापाव का सोडायचा. दुसरा रिप्लाय अंगठा.

१६ मार्च, रविवार

आजची नोंद आमच्या घरातलीच आहे, आणि मोठी आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे ३२४० ग्रॅम. एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं, म्हणजे तूपबीप सगळं धरून महिन्याला साडेतीन पिशव्या. आमच्याकडे किराणाच्या जुन्या बिलांवरून निघाल्या साडेपाच, आणि तूप वेगळं.

आई म्हणाली मी तर कमीच घालते, दोन पळ्या. म्हणलं पळी किती मोठी आहे ते बघू. खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं झाकण असतं ना, ५, १०, १५ अशा रेघा असलेलं, ते धुऊन घेतलं. तेलाच्या भांड्यातली ती स्टीलची पळी, आजीच्या वेळची, दांड्यावर नाव कोरलेलं, तिने पाणी भरून झाकणात ओतलं तर झाकण काठोकाठ भरून वर सांडलं. परत केलं. वीस मिली. म्हणजे भाजीला दोन पळ्या म्हणजे चाळीस मिली, आमटीच्या फोडणीला एक, कणकेत थोडं, पोळीवरून थोडं, आणि संध्याकाळी परत तेच.

आई झाकणाकडे बघून म्हणाली, डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं होतं, मोजायला नव्हतं सांगितलं.

मी शहाणपणा करून पळी काढली आणि भांड्यात चहाचा चमचा ठेवला. दुपारी फोडणी करपली. कढई मोठी, तेल दोन चमचे, ते तळाला पसरून गेलं, मोहरी तडतडलीच नाही, हळद काळी झाली आणि भाजी कडू. संध्याकाळी पळी परत भांड्यात, कुणी ठेवली विचारायची माझी हिंमत नाही.

१९ मार्च, बुधवार

तोडगा आईनेच काढला, माझ्याशी न बोलता. वरच्या फळीवरून लोखंडी कढलं काढलं, तेच ते वाटीएवढं, लांब दांड्याचं, वरणावर फोडणी घालायचं. आता भाजी आधी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून वाफवते आणि फोडणी वेगळी कढल्यात. कढलं अरुंद असल्यामुळे दोन चमचे तेलसुद्धा खोल राहतं, मोहरी बुडते आणि फुटते, हिंग-हळद-कढीपत्ता सगळं नीट, आणि ती फोडणी वरून ओतली की वासही जास्त येतो कारण ती शिजून विरत नाही. दोडका, कोबी, फरसबी, घेवडा यांना मस्त जमतं. वांग्याला नाही जमत. भरल्या वांग्याला हवं तेवढं तेल घालायचं आणि ते महिन्यातून दोनदा करायचं असा तह झालाय.

ग्रुपवर कढल्याचा फोटो टाकला. आतापर्यंतच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त रिप्लाय याला. चार जणींनी विचारलं कुठे मिळेल. मंडईच्या मागे भांड्यांच्या दुकानात बघा म्हणलं.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड. नोंद नाही.

६ एप्रिल, रविवार

पहिल्या महिन्याचा हिशोब. तेलाच्या वहीत नाव दिलेली घरं १४, त्यातल्या ११ जणांनी खरोखर तारखा टाकल्या. एका घरी पिशवी डब्यात ओतून पिशवी कचऱ्यात गेली आणि तारीखही तिच्याबरोबर. एका घरी देवाच्या दिव्याचं तेल त्याच पिशवीतलं, ते वजा करायचं का यावर चर्चा.

सगळ्यात कमी तेल सी-२०२ चं. चार माणसं, दीड पिशवी. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, वॉचमन म्हणाला साहेब त्यांच्याकडे आठवड्यातून पाच दिवस डिलिव्हरीवाला येतो. झालं. मी महिनाभर घासून घासून जो आकडा कमी करत होतो त्याच्या एक तृतीयांशावर हे लोक स्वयंपाक न करता पोचले होते. हॉटेलच्या भाजीवर जो तवंग असतो तो कुठल्याच पिशवीवर लिहिलेला नसतो. मला त्यांचा राग नाही, दोघंही हिंजवडीला जातात, तिथून इकडे यायला किती वाजतात ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

वहीत नवा कॉलम 'बाहेरचं किती वेळा'. हा कॉलम भरायला लोक जास्त लाजतात असं दिसतंय, तेलापेक्षाही.

आमचं तेल साडेपाचवरून साडेचारवर.

२० एप्रिल, रविवार

बी विंगची लिफ्ट अकरा दिवस बंद होती. पार्ट मुंबईहून येणार होता, मग चेन्नईहून, मग आला तो चुकीचा. (वार्षिक देखभालीचे पैसे आम्ही आगाऊ भरलेत हे नोंदवून ठेवतो.)

पण प्रकल्पाच्या दृष्टीने हे अकरा दिवस सोन्याचे. आमचा पाचवा मजला, मी मोजल्या, बरोब्बर शंभर पायऱ्या. पर्वतीला १०३. म्हणजे घरी जाणं म्हणजे पर्वती चढणं, फक्त वर देव नाही, बायको विचारते दही आणलं का आणि मग परत खाली. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर थांबलो, सहाव्या दिवशी कधी पोचलो ते कळलं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे मात्र हाल झाले, बी-६०१ च्या आजी अकरा दिवस घरातच, त्यांची भाजी मुलांनी आळीपाळीने पोचवली.

लिफ्ट काल सुरू झाली. आज सकाळी मी जिन्यात एकटाच होतो. लिफ्टच्या दारावर पाटी लावावी का? 'दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या धडधाकट माणसांनी लिफ्टमध्ये का आलो याचा विचार लिफ्टमध्ये करावा.' कमिटीने नाकारली. पुण्यात पाटी नाकारली जाते, दिवस वाईट आलेत.

११ मे, रविवार

उन्हामुळे चालणं पहाटे सहाला, तळजाईवर. आठवड्याला १५० मिनिटं निदान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. वेग कसा ओळखायचा तर चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. आमच्या गटात बोलणं एवढं चालतं की वेगाची मला शंका आहे.

आणि खरी अडचण टेकडी उतरल्यावर येते. नऊ जण चालायला, नऊही जण खाली पोहे आणि अमृततुल्यला. माझ्या वजनाच्या माणसाच्या पाऊण तास झपाट्याने चालण्यात साधारण १८० कॅलरी जातात. एक वडापाव तीनशेच्या आसपास. चालून पोट उतरवायचं तर हा व्यवहार कायमच तोट्यात राहणार. मग चालायचं कशाला असं बी-३०२ च्या काकांनी लगेच विचारलं, ते असल्या प्रश्नाची वाटच बघत असतात. चालल्याने रक्तातली साखर ताब्यात राहते, मांस टिकतं, झोप लागते, आणि एकदा उतरलेलं वजन परत चढत नाही याला त्याची मदत होते. उतरवायचं काम मात्र बरंचसं ताटातच करावं लागतं.

रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं सोसायटीतच फेऱ्या मारायचं सुरू केलंय, त्याला सकाळपेक्षा जास्त माणसं येतात कारण कपडे बदलावे लागत नाहीत.

साखरेचा विषय या चहावरच निघाला. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं म्हणतात. मी चार चहा पितो, प्रत्येकात दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा, म्हणजे चाळीस ग्रॅम, बिस्किटं अजून धरलीच नाहीत. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत चाललोय. जिभेला कळत नाही. गूळ घातला तर चालेल का असं तिघांनी विचारलं. गूळ म्हणजे साखरच हो, जरा गावाकडची.

२२ जून, रविवार

ही नोंद लिहायची नव्हती पण प्रकल्प आहे तर चुकाही वहीत पाहिजेत.

मार्चच्या मोजणीत काही मुलंही हौसेने उभी राहिली होती आणि आम्ही त्यांचेही आकडे लिहून घेतले होते. माझी लेक यंदा नववीत. शाळा सुरू झाली तसं तिने रात्रीचा भात सोडला, मग पोळी एकच, मग भूक नाही. आम्हाला वाटलं उकाड्याने. परवा बायकोला तिच्या दप्तरात अख्खा डबा सापडला. विचारलं तर म्हणाली, वहीत माझं पोट मैत्रिणीपेक्षा चार सेंटीमीटर जास्त लिहिलंय.

बायको मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. तिचं बरोबर होतं. वाढीच्या वयात मापं बदलत असतात, त्यांना मोठ्यांच्या रेघा लागूच होत नाहीत, वय आणि उंची बघून ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आणि मुलीच्या शरीराचा आकडा पार्किंगमध्ये मोठ्याने वाचायचा अधिकार मला कुणी दिला होता?

अठराच्या आतली सगळी पानं आज फाडली. ए-७०१ च्या ताईंनी सगळ्या पालकांना सांगितलं की घरात मुलांसमोर वजन, जाडी, पोट हे शब्दच काढायचे नाहीत, तुम्ही जे बदलायचं ते सगळ्यांच्या ताटात बदला. मुलांना रोज तासभर तरी पळापळ हवी, तेवढं बघा. लेकीच्या शाळेत पीटीचा तास गणिताला देतात, तो वेगळाच विषय, पालकसभेत काढणार आहे.

संध्याकाळी पाच ते सहा पार्किंगचा मधला पट्टा गाड्यांसाठी बंद करून मुलांना खेळायला द्यायचा ठराव झाला, दोन मतांच्या फरकाने. विरोध कुणी केला ते ठरावात आहे. लेक आज डबा ऐसपैस खेळताना पडली आणि गुडघा फोडून आली, आणि रात्री दोनदा भात घेतला.

६ जुलै, आषाढी एकादशी

एकादशी अन् दुप्पट खाशी. आईची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात तूप, त्यात दाण्याचं कूट, वर बटाटा. त्यात फक्त दाणेच काय ते कामाचे. मी एवढंच म्हणालो आणि आई म्हणाली, वारीला चालत गेलास तर दोन ताटल्या खा.

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मुद्दा बिनतोड आहे.

तडजोड अशी झाली की खिचडी वाटीभरच, बरोबर काकडीची दही घालून कोशिंबीर, रात्री भगर आणि दाण्याची आमटी, मधे केळं-पपई.

यावरून एक सुचलं ते गटात सांगितलं. आपल्या ताटाची डावी बाजू. पूर्वी पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि सगळी बोटाने चाटण्याएवढी. भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम हव्यात असं त्या हैदराबादच्या सूचनांमध्ये आहे, ते उजव्या बाजूच्या वाटीभर रस्साभाजीतून कधीच होत नाही कारण त्यात निम्मा रस्सा असतो. म्हणून चटणीची जागा तेवढीच ठेवायची आणि कोशिंबीर वाटीभर करायची. कोबी, गाजर, मुळा, टोमॅटो, मोडाचे मूग, जे असेल ते. ताट आपलंच राहतं, नवीन काही शिकावं लागत नाही, आणि पोळी आपोआप एक कमी लागते. क्विनोआ वगैरे आणणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण ज्वारीची भाकरी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि स्वस्त आहे.

१० ऑगस्ट, रविवार

पाऊस. तळजाई चिखलात. क्लब हाऊसमध्ये खुर्चीचा व्यायाम, म्हणजे हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठायचं, बसायचं, तीस सेकंदात किती होतात ते मोजायचं. बी-३०२ चे काका, वय ६८, पहिल्या दिवशी सात. आज तेरा. त्यांनी तीन वेळा मोजायला लावले. आपल्याकडे मांसच मुळात कमी, आणि वय वाढेल तसं ते अजून गळतं, म्हणून नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोन दिवस तरी जोर लावायचे प्रकार हवेत. भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं, ज्यांना जमतं त्यांना सूर्यनमस्कार.

सी-४०१ नी ते वजनाच्या इंजेक्शनचं विचारलं, मार्चमध्ये टिर्झेपटाईड भारतात आलंय ते. हा त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न आहे, काही लोकांना त्याची खरंच गरज असते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी सांगितलं. नंतर ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, लाज नाही हे पहिल्यांदा कुणीतरी बोललं. यावर काय बोलावं मला सुचलं नाही. त्यांचं मार्चचं माप ११८ होतं आणि ते त्या दिवसानंतर मोजणीला आलेच नव्हते. ११८ मोठ्याने वाचून दाखवणारा मीच होतो.

मोजणी आता पडद्यामागे, आकडा ज्याचा त्याने चिठ्ठीवर लिहायचा, वहीत फक्त फ्लॅट नंबर आणि किती फरक पडला एवढंच.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. दहा दिवस मोदक, पेढे, आरत्या. तेलाचा आकडा सगळीकडे वर गेलाय, आमचाही पाच. उकडीच्या मोदकाला तेल लागत नाही असं आईने लक्षात आणून दिलं, मग त्याच्यावर तुपाची धार किती असते ते मी लक्षात आणून दिलं. सोसायटीच्या प्रसादाला तीन दिवस मटकीची उसळ आणि फळं ठेवली होती, उसळ संपली, फळं उरली.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर मुद्दाम पंधरा दिवसांच्या आत मोजणी ठेवली, फराळासकट जे असेल ते दिसू दे.

मार्चच्या ३१ पैकी २२ आले. १३ जणांचं कमी झालंय, पाच जणांचं तेवढंच, चौघांचं वाढलंय. सगळ्यात जास्त फरक सात सेंटीमीटर, सी-२०२ च्या ताईंचा, त्यांनी रविवारी आठवड्याच्या भाज्या चिरून डब्यांमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि डिलिव्हरीवाला आता आठवड्यातून एकदाच येतो. सी-४०१ आले होते. चिठ्ठी घडी घालून दिली, फरक उणे पाच.

मी ९४ वरून ९०.५. उंचीच्या निम्मे म्हणजे ८५.५, अजून पाच सेंटीमीटर लांब आहे. वजन फक्त दोन किलो कमी, काट्यावर बघत बसलो असतो तर मेमध्येच सोडून दिलं असतं.

तेल महिन्याला चार पिशव्या. साडेपाचवरून दीड पिशवी कमी म्हणजे चौघांत वाटून माणशी रोज शंभरेक कॅलरी, एका पोळीएवढ्या. एवढंसंच. आजच्या पिशवीवर तारीख आईने टाकली होती, माझ्या आधी, आणि खाली बारीक अक्षरात 'चकलीचं यात धरू नये'.

पळी देवघरात गेलीये, दिव्यात तेल घालायला.

पुढची मोजणी ४ जानेवारी. टेप बी-३०२ कडे राहिलाय, काका रोज मोजतात असं कळलं. कृपया परत आणून द्यावा.